रात्रीचा वेग

प्रिय खटपट्या,

पाकीट बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, कुठे पडले-झडले नाही. फोन करायचा सोडून ही बाई टपालाच्या नादी का लागली, असं तुला वाटेल, तर त्याचं कारण तूच आहेस. फोनवर मी जरा मुद्द्याला आले की तू "आई, एक मिनिट हं" म्हणतोस आणि ते मिनिट पुढच्या रविवारी संपतं. कागदाला असं मध्येच थांबवता येत नाही. तेव्हा शहाण्यासारखा एका जागी बस आणि ओळीने वाच. आधी शेवटचं पान उघडून बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती आज नको.

परवा तुझा निरोप आला. "ते मशीन आता परवडत नाही, बंद करून टाक, मीही इथलं बंद करतोय." बस, एवढंच. दुकानदाराला सामान परत पाठवतानाही माणूस याहून दोन शब्द जास्त लिहितो. मी अजून बंद केलेलं नाही. तुझं ऐकायचं नाही असा माझा हट्ट नाही, पण त्याआधी मला तुला काहीतरी सांगायचं आहे, आणि ते दोन्हीकडची मशिनं चालू आहेत तोवर सांगण्यातच अर्थ आहे. एकदा ती थांबली की आपल्या दोघांत रविवारच्या फोनशिवाय काही उरणार नाही. त्या फोनवर आपण काय बोलतो ते तुला माहीत आहे. तू विचारतोस जेवलीस का, आणि मी विचारते थंडी पडली का.

तुझ्या खोलीत, तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर तू मांडून गेलेला तो संसार जसाच्या तसा आहे. साबणाच्या डबीएवढा तो कॉम्प्युटर, शेजारी ती खाचांची पट्टी, खाचांत ओळीने उभ्या खुपसलेल्या त्या काड्या आणि त्यांना वारा घालणारा पंखा. काड्या सगळी मेहनत करतात आणि ती साबणाची डबी त्यांच्यावर मुकादमगिरी करते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाकीचं तू परदेशी जायच्या गडबडीत घाईघाईने समजावलंस. या काड्या दिवसभर आकडे फेकत बसतात, कुठल्याशा कुलपाला ज्याचा आकडा बसेल त्याला त्या कॉम्प्युटरी नाण्यांचं बक्षीस. एकट्यादुकट्याला ते जन्मात बसायचं नाही, म्हणून हजारो लोक एक टोळी करून मिळून आकडे फेकतात आणि ज्याची जेवढी मेहनत तेवढा त्याचा वाटा. याला म्हणे खाणकाम म्हणतात. आपल्या सात पिढ्यांत कोणी खाणीत उतरलं नव्हतं. ती कसर तू भरून काढलीस, आणि तीही स्वतःच्या आईला जुंपून. टोळीच्या इंटरनेटवरच्या पानावर प्रत्येक मशीनला 'कामगार' म्हणतात हे वाचून मी कपाळाला हात लावला होता. इथल्या कामगाराचं नाव तू 'आई' ठेवलंस आणि तुझ्याकडच्याचं 'मी'. निवृत्तीच्या निरोपाचं घड्याळ मनगटावर बांधून मी जरा कुठे टेकले होते, तर पोराने पुन्हा कामावर लावलं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. आवाज छोटासाच, पण घरात कोणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. तुझ्या खोलीचं दार मी लोटून घेत नाही. स्वयंपाकघरात उभी असले तरी घूं घूं ऐकू येते. समोरच्या मास्तरीणबाईंना दोन महिने वाटत होतं की मी आत अंडी उबवते आहे. एक दिवस न राहवून त्या आत डोकावल्या आणि पिल्लं कुठे आहेत म्हणून टेबलाखाली बघायला लागल्या. मी त्यांना आकड्यांचं, कुलपाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पिल्लं असती तर बरं झालं असतं. त्या गेल्यावर मी बराच वेळ हसत होते. मग हसायला कोणी सोबत नाही हे लक्षात आलं आणि थांबले.

तुला तो वायरीचा घोळ आठवतो का? मावशीकडे चार दिवस राहायला निघाले होते तेव्हाचा. मशीन बंद करताना आधी डबीला नीट झोपवायचं, तिचा दिवा शांत झाला की मगच वीज काढायची, हे तू मला पढवून गेला होतास. पण माझी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासमोर गेली. तिथे दोन माणसांना जोडायचं म्हणजे कॉर्ड खुपसायची, आणि त्यांनी फोन ठेवला, बोर्डावर दिवे लागले, की खसकन ओढून काढायची. बोलणं संपवायची दुसरी रीत माझ्या हाताला ठाऊकच नाही. पिशवी खांद्याला, गाडी दाराशी, मी डबीची वायर धरली आणि ओढली. चार दिवसांनी येऊन लावते तर लाल दिवा लागला, हिरवा काही लुकलुकेना. तिच्या पोटातलं ते नखाएवढं कार्ड, ज्याच्यावर तिची सगळी अक्कल लिहिलेली होती, ते बिघडून बसलं होतं.

तू रागावशील म्हणून मी घाबरत घाबरत फोन केला होता. तू रागावला नाहीस. माझी रविवारची सकाळ आणि तुमची शनिवारची संध्याकाळ, अशी ती सगळी वेळ तू माझ्यासमोर, म्हणजे फोनच्या पडद्यावर, बसून होतास. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून मी कार्ड लावायची ती चपटी डबी आणली, तुझ्या जुन्या लॅपटॉपला जोडली, आणि तू एकेक बटण सांगत गेलास. माझ्या हातून दोनदा चुकीचं दाबलं गेलं तरी तुझा आवाज चढला नाही. शेवटी कार्डावर किती लिहून झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सुरू झाली आणि गोगलगायीसारखी सरकायला लागली. आता नुसतं थांबायचं, असं तू म्हणालास. आणि मग आपण थांबलो. काही काम नाही, कोणाला एक मिनिट नको. तू मला तुमच्या गच्चीतला कबुतरांचा त्रास सांगितलास, मी तुला मास्तरीणबाईंची पिल्लं सांगितली. तू इतका हसलास की खुर्ची मागे गेली. तुला नोकरीत नवा साहेब आलाय आणि तो तुला चुकीच्या नावाने हाक मारतो, हेही मला त्या दिवशीच कळलं. पट्टी संपली तेव्हा मला वाईट वाटलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं.

सूनबाई मागून येत-जात होती. केस नवे कापले होते, ते तिने मान वळवून मला दाखवले. तुम्हाला हा ओरडत तर नाही ना, असं तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, हा रोज रात्री आधी मशीनला हळू करतो आणि मग दिवा मालवतो. मला आवाजात झोप येत नाही ना." तू असा लाजलास की मला तू शाळेत असल्यासारखा दिसलास. तुझ्याकडचं मशीन माझ्याकडच्यापेक्षा थोरलं, दोन पंख्यांचं डबडं, त्याला हाकणारी डबी मात्र माझ्याकडच्यासारखीच. तुमची खोली एकच, तिथेच ते आणि तिथेच पलंग. पंखे भरात असले की जेट विमान निघाल्यासारखं वाटतं, असं ती सांगत होती. मला ती मुलगी आवडली. आधीही आवडत होती, पण लग्नाच्या गर्दीत माणसं नीट दिसत नाहीत. त्या दिवशी नीट दिसली.

त्यानंतर मला एक चाळा लागला. टोळीच्या पानावर प्रत्येक कामगाराच्या नावापुढे त्याच्या कामाची एक रेघ येते. जोरात काम चाललं की रेघ वर, हळू झालं की खाली. माझी मी कशाला बघू, ती माझ्या डोळ्यांसमोरच आहे. मी 'मी'ची बघते, म्हणजे तुझी. तुमची रात्र म्हणजे माझी दुपार. जेवण झालं, ताट घासलं, ओटा पुसला की मी खुर्चीत बसून पान उघडायची. थोड्या वेळाने रेघ पायरी उतरावी तशी खाली यायची. झोपली पोरं, असं मी मोठ्याने म्हणायची आणि मग मीही जरा आडवी व्हायची. कधी रेघ उशिरा उतरायची. पाहुणे आले असतील, सिनेमा लांबला असेल, दोघांचं काहीतरी वाजलं असेल, असे मी अंदाज करायची. विचारलं मात्र कधी नाही. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं. दिवा बघायचा, बोलणं ऐकायचं नाही. लाइन लागली आहे हे आम्हाला कळायचं, कोण रडतंय आणि कोण भांडतंय हे आम्ही कळून घ्यायचो नाही. ज्या घेत त्यांची बदली होत असे.

मग काही महिन्यांपूर्वी रेघ उतरायची थांबली. मी जेवून बसले, वाट बघितली, रेघ आपली वरच. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानेही तेच. मला वाटलं मशीनचंच काहीतरी बिनसलं. रविवारी आडून विचारलं तर तू म्हणालास, मस्त चाललंय, काही प्रॉब्लेम नाही. मग वाटलं, मशीन दुसऱ्या खोलीत हलवलं असेल, पण दुसरी खोली तुमच्याकडे आहे कुठे? झोप होते का असं विचारलं, तर म्हणालास, एकदम छान होते. सूनबाईला फोन दे म्हटलं, तर ती आंघोळीला गेली होती. पुढच्या रविवारी बाजारात. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आंघोळीला. मी रोज दुपारी पान उघडत राहिले, रेघ उतरते का बघत राहिले, आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

तुझे बाबा छापखान्यात रात्रपाळी करायचे हे तुला आठवतं, पण आपलं घर तेव्हा कसं होतं हे आठवतं का? ते सकाळी येऊन झोपायचे आणि घरात असू तेवढा वेळ आपण दोघं मांजराच्या पावलांनी वावरायचो. भांडी मी कापडावर पालथी घालायची. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती. तू जमिनीवर फतकल मारून जुना रेडिओ उघडायचास आणि एकेक स्क्रू तळहातावर झेलायचास, खाली पडून वाजू नये म्हणून. तुला खटपट्या नाव पडलं खरं, पण तुझ्याइतकी बिनआवाजाची खटपट मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. बाबा गेले त्यानंतरही मी तशीच वागत होते. भांडी कापडावर, कडी हळूच, बोलणं खालच्या आवाजात. कळत होतं की आत कोणी झोपलेलं नाही, पण सवय सुटत नव्हती. एक दिवस दुपारी माझ्या हातून पातेल्याचं झाकण निसटलं. ते फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत वाजत राहिलं. मी जीव मुठीत धरून उभी राहिले, आता आतून ओरडा येईल म्हणून. आला नाही. झाकण थांबलं. मी तिथेच खाली बसले आणि तू शाळेतून येईपर्यंत उठले नाही.

त्या दिवसापासून मी सगळं आदळायला लागले. भांडी आदळायची, दारं आदळायची, रेडिओ मोठ्याने लावायची. बाबा गेल्यावर आई चिडकी झाली असं तुला वाटायचं, तू मावशीला तसं म्हणालाही होतास. मी चिडले नव्हते रे. ज्याच्यासाठी आवाज कमी करायचा तो माणूसच घरात उरला नाही की आवाज कमी करायला हात उठत नाही. कोणासाठी करायचा? घर वाजत राहतं आणि त्या आवाजात आपण बसून राहतो. झोप तेव्हाही येत नाही, पण ते कोणाला सांगायचं नसतं. विचारलं तर एकदम छान होते म्हणायचं. मीही मावशीला तसंच सांगायची.

म्हणून हे पत्र. सूनबाई गेली आहे, हे मला कळलंय. तुझ्याकडून कळलं नाही, तिच्याकडूनही नाही, त्या रेघेने सांगितलं. आता तिला दर रविवारी आंघोळीला पाठवत जाऊ नकोस, बिचारीला सर्दी होईल. का गेली, कोणाचं चुकलं, परत येईल का, यातलं मी काही विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर कबुतरांचं सांग, मला तेही चालेल. फक्त माझ्यापासून लपवायला म्हणून एकटा बसू नकोस. मशीन बंद करायचं तर खुशाल कर, मीही करते, माझं त्यावाचून काही अडणार नाही. पण लगेच नको, आणि आधीच केलं असलंस तर एका रात्रीपुरतं पुन्हा लाव. हे पत्र हातात पडेल त्या रात्री, दिवा मालवायच्या आधी, पूर्वी करायचास तसा त्याचा वेग उतरव. इथे दुपार असेल, मी जेवून पान उघडून बसलेली असेन. ती नसली तरी त्या खोलीत झोपणारं एक माणूस अजून आहे, बाळा. त्याच्यासाठी उतरव.

तुझीच,
आई